शाळेभोवतीचे शंभर यार्ड

आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत आहे. तिच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून गेले तेव्हा डोक्यात पोषण आहार, स्वच्छतागृहं, गळकं छत असलेच विषय होते. तंबाखूचा विषय काढला तो आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टर मॅडमनी. त्यांनी आठवीतल्या एका मुलाला स्वतःचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. गालाची आतली बाजू पांढुरकी पडलेली, बोट लावलं तर दोरीसारखी ताठ. "सुपारीनं होतं हे, नुसत्या सुपारीनंही," मॅडम म्हणाल्या. "ताठलेला गाल सहसा पूर्ववत होत नाही, आणि पुढे कर्करोगाची भीती असते. पण आज सोडलं तर वाढ थांबू शकते." पोरगं मावा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, खात होतं. किती वर्षं, ते त्यालाही नीट सांगता येईना.

शाळेच्या फाटकातून बाहेर पडलं की दोन टपऱ्या. तिथून सुरुवात करायची हे समितीत लगेच ठरलं. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, तंबाखू विकता येत नाही आणि १८ वर्षांखालच्या कुणालाही ती कुठेच विकता येत नाही. वाद झाला तो मापावरून. टपरीवाले आण्णा म्हणाले, "ताई, फाटकापासून रस्त्यानं चालत मोजा, मी हद्दीबाहेर आहे." पण नियम तसा नाही. अंतर शाळेच्या कुंपणापासून, सरळ रेषेत, चहूबाजूंनी धरायचं असतं. शेत मोजायचा टेप आणून सगळ्यांदेखत मोजलं, नकाशा काढला, त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेतला आणि अर्जाला जोडला. असं काही करणार असाल तर अर्ज तोंडी देऊ नका, आणि पोच घेतल्याशिवाय तर परतूच नका. आमचा पहिला अर्ज ज्या कार्यालयात दिला तिथे तो सापडेनासा झाला, तेव्हा ती पोचच कामाला आली.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शंभर यार्डांवर पिवळी रेघ ओढायला सांगितलं आहे. ती आम्ही ओढली. एक टपरी रेघेपलीकडे गेली. आण्णांनी तंबाखू बंद करून वह्या-पेनं, बिस्किटं ठेवली. त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता, म्हणून शाळेची किरकोळ स्टेशनरी त्यांच्याकडूनच घ्यायची असं समितीनं ठरवलं. कायद्यातला दंड २०० रुपयांपर्यंतचा. तेवढ्यानं कुणाचा धंदा बदलत नाही. सोबत बसून पर्याय काढला तर बदलतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. आमच्या सरांनी पाचवी ते आठवीच्या मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. एक प्रश्न होता : 'तंबाखू, पुडी किंवा मावा आणायला तुला कुणी दुकानात पाठवतं का?' बहुतेक चिठ्ठ्यांवर 'हो' होतं आणि पुढे बाबा, आजोबा, काका. एकीवर लिहिलं होतं, 'आजी मिश्री आणायला पाठवते, उरलेले पैसे मला.' चिठ्ठ्या वाचताना सर थांबले आणि म्हणाले, "आपण रेघ रस्त्यावर ओढली, ताई. पुडी तर घरात आहे." २०१९ च्या देशव्यापी युवा तंबाखू पाहणीतही, ज्या मुलांनी कधी ना कधी धूरविरहित तंबाखू घेतली होती त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची सुरुवात दहा वर्षं पूर्ण होण्याआधीच झालेली दिसली. त्या वयात मूल वाईट संगतीला कुठे लागणार? ते घरातल्यांनीच सांगितलेल्या कामाला जातं, हातात पुडी येते, वास ओळखीचा होतो.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही दोन ओळींचा ठराव मांडला. घरातलं कुणीही मुलाला तंबाखू आणायला पाठवणार नाही, आणि 'बापासाठी नेतोय' असं मूल म्हणालं तरी दुकानदार देणार नाही. कुणासाठी नेतोय याला कायद्यातही काही अर्थ नाही, घेणारं मूल आहे एवढंच पुरे. बीट अंमलदारांनी बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम वाचून दाखवलं : मुलाला तंबाखू किंवा दारू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. लोक चपापले. पण सभेचा नूर पालटला तो बचत गटातल्या एका म्हाताऱ्या मावशींमुळे. त्या उठून म्हणाल्या, "माझी मिश्री सुटंल न सुटंल, पण नातवाच्या हातनं मागवायची न्हाई. मीच जाईन दुकानात." मग हात वर होत गेले. विरोधही झाला. एक तात्या म्हणाले, "आमचे गुडघे गेलेत, पोरांनी नाही तर कुणी आणायचं?" त्यांना शेजारच्या मोठ्या माणसांनी आणून द्यायचं ठरलं. आदर्श तोडगा नव्हे हा, पण पोराचे हात त्यातून सुटले.

आता महिन्याच्या बैठकीत चिठ्ठ्यांचा तोच प्रश्न पुन्हा विचारतो. 'हो' कमी होत आहेत, संपलेले नाहीत. सोडायचं आहे म्हणणाऱ्या मोठ्यांना १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक देतो; दोघांनी पहिला फोन शाळेतूनच, सरांच्या शेजारी बसून केला. गाल ताठलेल्या त्या आठवीतल्या मुलाचे वडील अजून तंबाखू खातात, मात्र त्याच्यादेखत मळत नाहीत. मुलगा जिल्हा रुग्णालयात दाखवायला जातो आणि सांगितलेले तोंडाचे व्यायाम करतो. मावा सोडून त्याला बरेच दिवस झालेत.

एसटी थांब्याजवळचं दुकान शंभर यार्डांच्या बाहेर आहे, तिथे हायस्कूलची पोरं थांबतात. अठराचा नियम तिथेही लागूच आहे. दर्शनी भागात सूचनाफलक लावायला दुकानदार तयार झाला आहे. फलक रंगवायचं काम आठवीच्या वर्गाकडे दिलंय.