उद्यानातील विनामूल्य कार्यक्रम आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी : माझा अनुभव

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईतल्या एका सार्वजनिक उद्यानात संध्याकाळी दोन-तीन तासांचा विनामूल्य कार्यक्रम करायचा, त्यात मुलांची एक छोटी नाटिका, थोडे अभंग, एक-दोन भारुडे आणि एका कोपऱ्यात चित्रकलेची कार्यशाळा ठेवायची, एवढाच आमच्या गटाचा बेत होता. कलावंत मानधन घेणार नव्हते, तिकीट लावायचे नव्हते आणि विक्रीचे एकही टेबल मांडायचे नव्हते. तरीही माझा एप्रिल महिना आणि मेचा बराचसा भाग या बेताच्या कागदपत्रांतच गेला, आणि त्यातही मुख्यतः एकाच कागदापायी, तो म्हणजे ध्वनिक्षेपकाचा परवाना. कार्यक्रम चांगला झाला, पण त्या कागदाचा राग अजून पुरता ओसरलेला नाही.

जे सुरळीत पार पडले, ते थोडक्यात सांगते. नाटिकेची संहिता आम्ही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवली होती आणि तिचे प्रमाणपत्रही वेळेत आले. गाण्यांच्या स्वामित्वहक्काची मला धास्ती होती, ती अनाठायी ठरली. तुकोबांच्या आणि नाथांच्या रचनांवर आज कुणाचा हक्क नाही. शिवाय हौशी मंडळाने पैसे न मोजणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट दिलेली आहे. ध्वनिमुद्रित गाणी लावण्याचा प्रश्न निराळा आहे, आणि तो आम्ही गाणी न लावूनच सोडवला.

आता मुख्य अडचणीकडे येते. ध्वनिक्षेपकाच्या अर्जाला जागेच्या मालकाचे परवानगीपत्र जोडावे लागते, आणि जागा पालिकेची होती. पालिकेच्या विभाग कार्यालयात सांगण्यात आले की, पोलिसांचे ना-हरकत पत्र आणा, म्हणजे जागा देता येईल. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की, जागा मिळाल्याचे पत्र आणा, म्हणजे हरकत आहे की नाही ते पाहता येईल. दोन्हीकडची माणसे सौजन्याने बोलत होती आणि आपापल्या परीने दोघांचेही म्हणणे बरोबर होते, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. मी तीच फाईल घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जात राहिले आणि दर वेळी तिच्यात एखाद्या झेरॉक्सची भर पडत गेली.

त्यातच तो काळ बंदोबस्ताचा होता. रामनवमी, हनुमान जयंती, १४ एप्रिल आणि त्यानंतर १ मे. या दिवसांत, आणि त्यांच्या आगेमागेही, ज्यांची सही हवी ते अधिकारी ठाण्यात सापडत नाहीत आणि त्यांनी तिथे असावे अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. “साहेब बंदोबस्तावर आहेत, ताई,” हे उत्तर इतक्या वेळा ऐकले की पुढे पुढे मी ते अंमलदाराच्या चेहऱ्यावरूनच ओळखू लागले. बाकावर बसून वाट पाहायची तयारी होती. पण फक्त एवढे कळावे असे वाटत होते की आपला अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर आहे, आणि तेच कुणी सांगत नव्हते. इथे एक गोष्ट सांगून ठेवते, ती खरे तर सुरुवातीलाच यायला हवी होती : कोणताही अर्ज नुसता कुणाच्या तरी हातात ठेवून येऊ नका, आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. क्रमांक नसलेल्या अर्जाची चौकशी ही केवळ गप्पा ठरते.

पहिला तिढा एका मधल्या पत्राने सुटला. विभाग कार्यालयातील एका जुन्या लिपिकाने सुचवले की जागेच्या अंतिम परवानगीऐवजी “पोलीस परवानगीच्या अधीन राहून तत्त्वतः मान्यता” अशा शब्दांत पत्र मागा. ते पत्र मिळायला फारसा वेळ लागला नाही आणि पोलीस ठाण्याने ते स्वीकारलेही. असे पत्र देता येते हे पहिल्या भेटीतच का सांगितले गेले नाही, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

त्यानंतर दुसरा तिढा आला, आणि तो अधिक चिवट होता. उद्यानाच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे एक शाळा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रुग्णालये, शैक्षणिक संस्था, न्यायालये आणि धार्मिक स्थळे यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरला जातो. मी म्हटले की शाळेला सुट्टी आहे, फाटकाला कुलूप आहे आणि कार्यक्रम संध्याकाळचा आहे. त्यावर अंमलदार शांतपणे म्हणाले, “ताई, बंद असली तरी ती शाळाच ना?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शासनाने अधिसूचित केल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र मानला जाणार नाही, अशी दुरुस्ती १० ऑगस्ट २०१७ रोजी त्या नियमांत झाली होती. तिची प्रत मी घेऊन गेले. पण तो विषय उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला होता आणि ठाण्यातल्या टेबलावर त्याचा निवाडा होण्याची शक्यता नव्हती. कायद्याचा कीस काढण्यात माझे आणखी काही दिवस गेले. लाऊडस्पीकरांच्या भिंती उभ्या करणाऱ्या मंडळांना आणि एका पेटीसाठी दोन मायक्रोफोन मागणाऱ्या आम्हाला एकच अर्ज, एकच नियम आणि एकच संशय लागू होतो, ही गोष्ट मात्र मला तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही.

शेवटी वाद सोडून आम्ही जागा मोजली. शाळेच्या कुंपणापासून फाटकाजवळचा कट्टा १०० मीटरच्या आत येत होता. परंतु उद्यानाचे मागचे टोक, जिथे पलीकडे रेल्वेचे रूळ आहेत, ते स्पष्टपणे बाहेर पडत होते. आमच्यापैकी एका वास्तुविशारदाने प्रमाणबद्ध नकाशा काढला, त्यावर रंगमंचाची नवी जागा, ध्वनिक्षेपकांची तोंडे आणि शाळेपासूनचे अंतर दाखवले. सोबत वेळ साडेपाच ते साडेआठ अशी लिहिली, कारण रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मुळातच बंदी आहे. हा नकाशा पाहिल्यावर अधिकाऱ्यांनी उभ्या उभ्या शेरा लिहिला, तेव्हा आनंदापेक्षा संतापच जास्त आला.

परवान्यावर आवाजाची मर्यादा असते, ती नीट समजून घ्यावी. निवासी भागात दिवसाचे प्रमाण ५५ डेसिबल आहे आणि सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या प्रमाणापेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. म्हणजे आमच्यासाठी ६५. मागून जलद लोकल गेली की तिच्यापुढे आमची भारुडे ऐकूच येत नसत, पण लोकलला परवाना लागत नाही.

आणखी काही गोष्टी, आठवतील तशा. ध्वनिक्षेपकाचा परवाना ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील अधिसूचित सेवा, म्हणजे ठरावीक मुदतीत द्यावी लागणारी सेवा आहे. अर्जाच्या स्मरणपत्रात या कायद्याचा नम्रपणे उल्लेख केला, तर उत्तर लेखी मिळण्याची शक्यता वाढते. निवडणुकीच्या वर्षी या वाटेला जाऊ नये : २०२४ मध्ये मुंबईचे मतदान २० मे रोजी होते आणि त्या उन्हाळ्यात आम्ही असा विचारही केला नव्हता. तारीख महिनाअखेरीस ढकलणेही धोक्याचे आहे. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख ११ जून मानली जाते, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन पोहोचला होता. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चित्रकला आधी आणि नाटिका नंतर ठेवावी; दिव्यांचा खर्च वाचतो आणि मुलांना उकाड्याचा त्रास कमी होतो.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळी संध्याकाळी लोकांना एकत्र बसवून काहीतरी ऐकवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चालू ठेवण्यासाठी आम्ही पुढील वर्षाचा अर्ज फेब्रुवारीतच देणार आहोत, आणि त्याला नकाशा पहिल्या दिवसापासून जोडलेला असेल.