बंद पडलेलं स्टोअर कार्ड परत चालू करून घेतलं, माझा अनुभव

अमेरिकेत नवीन आलेल्या बऱ्याच जणांचं पहिलं क्रेडिट कार्ड कुठल्यातरी दुकानाचंच असतं, कारण क्रेडिट हिस्ट्री शून्य असताना मोठ्या बँका दारात उभं करत नाहीत आणि दुकानाचं कार्ड त्यातल्या त्यात पटकन मिळतं. माझंही तसंच होतं. कपड्यांच्या दुकानाचं कार्ड, लिमिट २,००० डॉलर, सुरुवातीला भरपूर वापरलं, मग बरी कार्डं मिळाली आणि हे ड्रॉवरमध्ये गेलं. वार्षिक फी नाही, मग बंद कशाला करायचं म्हणून ठेवलेलं. शेवटी बँकेनेच बंद केलं.

ते कळलं कधी, तर घराच्या लोनची तयारी म्हणून क्रेडिट रिपोर्ट काढले तेव्हा (लोकांच्या उधारीची नोंद ठेवणाऱ्या तीन कंपन्या आहेत, त्यांना ब्युरो म्हणतात; तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट फुकट मिळतात, आता तर दर आठवड्याला काढता येतात). त्या खात्यापुढे क्लोज्ड बाय क्रेडिट ग्रँटर, म्हणजे बँकेनेच बंद केलं, असा शेरा. आधी सांगायचं तरी ना, म्हणून चिडचिड झाली, पण शोधल्यावर कळलं की वापर नाही म्हणून खातं बंद करताना आगाऊ नोटीस द्यायचं बंधन बँकेवर नाहीच. २००९ च्या कार्ड अ‍ॅक्टनंतर (क्रेडिट कार्डांबद्दलचा अमेरिकेतला कायदा) आलेल्या नियमांमुळे कार्ड वापरलं नाही म्हणून फी लावता येत नाही, मग असलं पडून राहिलेलं खातं ते कशाला सांभाळतील.

नवरा म्हणाला जाऊ दे, दहा कार्डं आहेत. एका अर्थी बरोबर होतं त्याचं, कारण नीट पैसे भरलेलं खातं बंद झाल्यावरही साधारण १० वर्षं रिपोर्टवर राहतं आणि फिको स्कोअरमध्ये (लोन देणारे बघतात तो क्रेडिटचा आकडा) त्याचं वय धरलं जातं, म्हणजे जुनी हिस्ट्री लगेच पुसली जात नाही. पण लिमिट मात्र त्याच दिवशी जातं. समजा दुसऱ्या कार्डाचं लिमिट ५,००० आहे आणि त्यावर १,४०० चं बिल आहे, तर दोन्ही मिळून वापर २० टक्के दिसत होता तो एकदम २८ टक्के दिसायला लागतो, एक रुपयाचा जास्त खर्च न करता (डॉलरचा म्हणा). फिकोमध्ये किती उधारी वापरताय या भागाला ३० टक्के वजन आहे. लोनच्या तोंडावर मला हे नको होतं.

आता मुख्य गोष्ट, जी आधी कोणीच नीट सांगितली नाही. दुकानात जाऊन काही होत नाही. काउंटरवरची मुलगी गोड बोलली आणि नवीन अर्ज भरायला लावत होती, वर पहिल्या खरेदीवर सूट मिळेल म्हणे. तो अर्ज भरला असता तर सरळ नवीन खातं आणि रिपोर्टवर हार्ड इन्क्वायरी (यालाच हार्ड पुल म्हणतात), म्हणजे नवीन उधारीसाठी रिपोर्ट तपासल्याची नोंद, जी दोन वर्षं दिसते. कार्डावर नाव दुकानाचं असलं तरी खातं असतं बँकेचं, सिंक्रोनी, ब्रेड फायनान्शियल, सिटी अशा बँका ही कार्डं चालवतात. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात बँकेचं नाव आणि नंबर असतो, फोन तिथेच लावायचा.

फोनवर मशीन कार्ड नंबर मागतं आणि बंद खातं म्हटलं की नवीन अर्जाकडे ढकलतं, म्हणून माणसाशी बोलायचंय हेच परत परत म्हणत राहिले. जी बाई आली तिला मी आधीच विचारलं की वापर नाही म्हणून बंद झालेलं खातं परत उघडता येतं का आणि त्यासाठी हार्ड पुल करणार की सॉफ्ट (ज्याचा स्कोअरवर परिणाम होत नाही), आणि हो म्हणायच्या आधी हे सगळं तिच्याकडून स्पष्ट करून घेतलं. उघडण्याची तारीख जुनीच राहणार ना, लिमिट तेवढंच का, हेही. तिने होल्डवर टाकलं, मग दुसऱ्या डिपार्टमेंटला दिलं, तिथे परत सगळं पहिल्यापासून. बंद झाल्यावर किती दिवसांत खातं परत उघडता येतं याची प्रत्येक बँकेची मुदत वेगळी असते, त्या मुदतीत असाल तर उघडतात, नाहीतर नवीन अर्ज. माझं नशीब, मुदतीत होते. पत्ता, उत्पन्न, सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे विचारले आणि सॉफ्ट पुलवर काम झालं. तारीख जुनीच ठेवली पण लिमिट कमी दिलं, त्यावर मी वाद घातला नाही.

एक सांगते, तुमचं क्रेडिट फ्रीझ असेल (म्हणजे कोणी तुमच्या नावावर खातं उघडू नये म्हणून ब्युरोकडचा रिपोर्ट बंद करून ठेवला असेल) तर आधी विचारून घ्या की ते उघडावं लागेल का आणि कुठल्या ब्युरोचं, तिन्ही उगाच उघडू नका. ते फुकटच असतं आणि ऑनलाइन केलं तर लगेच होतं.

नवीन प्लास्टिक आलं पण जुना ऑटोपे (बिल खात्यातून आपोआप भरण्याची सोय) आला नाही, तो परत लावावा लागला. या कार्डांवर व्याज तीस टक्क्यांच्या आसपास असतं, तिथे एक बिल विसरणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. कार्ड वापरात दिसावं म्हणून त्यावर मोजे घेतले, स्टेटमेंट येऊ दिलं, मग पूर्ण भरलं. रिपोर्टवर एका ब्युरोकडे खातं लगेच ओपन दिसलं, बाकी दोघांकडे पुढच्या स्टेटमेंटनंतर.

फर्निचरच्या दुकानाचं दुसरं कार्डही असंच बंद झालेलं, पण त्यांच्या बँकेने साफ सांगितलं की मुदत गेली, नवीन अर्ज आणि हार्ड पुल. ते तसंच सोडलं. तसंही ते बारा महिने बिनव्याजी वालं कार्ड होतं, त्यात बारा महिन्यांत एक डॉलर जरी भरायचा राहिला तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज लावतात, आणि आता सोफा घ्यायचा असेल तर लोन झाल्यावर बघू.