इंजिन तेच का ठेवलंत?

आमची जुनी पेट्रोलची जीप आम्ही नव्यानं उभी केली, पण इंजिन मूळचंच ठेवलं. ते का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जीप घेऊन कुठंही गेलो, बेळगावातल्या तिसऱ्या गेटाकडचा पेट्रोल पंप असो की निपाणीतलं लग्न, बॉनेट उघडलं की माणसं जमतात आणि कुणीतरी विचारतंच, "काय वो, एवढा पैसा घातलासा, मग इंजिन का नाही बदललं? मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन बसलं असतं की."

बसलं असतं. आमच्या भागातल्या कित्येक जुन्या जीपमध्ये बसलंय, आणि बसवणारे काही वेडे नव्हते. पेट्रोलची जीप लिटरला सात-आठ किलोमीटर जायची. ज्यांचं पोट त्या गाडीवर होतं, त्यांनी डिझेल घातलं, बरोबरच केलं. माझं पोट उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या दोन लेथवर चालतं, जीपवर नाही, म्हणून मला हे लाड परवडतात, हे आधीच कबूल करतो.

आमची गाडी महिंद्राची सीजे-3बी, 1968 ची. पहिला मालक निपाणीतला तंबाखूचा व्यापारी. पुढं ती माझ्या सासऱ्यांकडं आली आणि ते थकल्यावर खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी राहिली. तिकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. पायाखालचा पत्रा पार गेला होता, चेसिस तेवढी धड होती. आरसी बुक मात्र सासूबाईंनी दागिन्यांच्या डब्यात जपलेलं. त्यावर राज्याचं नाव म्हैसूर, कारण कर्नाटक हे नाव 1973 मध्ये आलं. नंबरही एम-वायवाला.

जीप घरी आली ती लेकीच्या हट्टानं. ती तेव्हा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि रात्री-बेरात्री मोबाइलवर अमेरिकेतल्या हॉट रॉड बघायची. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1930 च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं फोर्डच्या जुन्या मॉडेल टी, मॉडेल ए पडत्या भावात घ्यायची. मडगार्ड, टप, जे जे जड असेल ते काढून टाकायचं, इंजिनाची ताकद वाढवायची, आणि मुरोकसारख्या कोरड्या तळ्याच्या सपाट जमिनीवर नेऊन पळवायची. 1932 मध्ये फोर्डनं साध्या माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-8 इंजिन दिलं, मग तर या नादाला ऊतच आला. 1937 पर्यंत वेळ मोजायला त्यांची रीतसर संघटना उभी राहिली. युद्धावरून परतलेल्या जवानांनी पुढं तो नाद देशभर नेला.

"पप्पा, आपण हॉट रॉड करूया," ही आमची सुरुवात. तिनं कागदावर जीप काढली होती. मडगार्ड नाहीत, टायर हे एवढे रुंद, गाडी जमिनीला टेकलेली आणि पुढं स्कॉर्पिओचं इंजिन. चित्र झकास होतं, ते अजून माझ्या वर्कशॉपच्या कपाटावर चिकटवलेलं आहे.

कायद्याचं आधी उरकतो, कारण त्यात फार रस नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, बनवणाऱ्यानं जशी दिली आणि नोंदणीत जशी लिहिली, त्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही. सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये हे आणखी कडक शब्दांत सांगितलं. इंजिन बदलता येतं, पण आरटीओची आगाऊ परवानगी लागते आणि आरसीवर नोंद करावी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये व्हिंटेजची वेगळी नोंदणी निघाली. वीस हजार भरा, व्हीए अक्षरांचा नंबर घ्या. पण तिथंही गाडी मूळ रूपातच पाहिजे, आणि ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची. मला शेतावर जायचं होतं. आम्ही साधी नोंदणीच पुढं चालू ठेवली.

पण कायद्यामुळं इंजिन राहिलं, असं म्हणालो तर ते खोटं होईल. कलमं दाखवून कुठली पोरगी ऐकते?

झालं असं की इंजिन बाहेर काढलं, ते पूर्ण जाम. पुली हलेना. स्पार्क प्लगच्या भोकांतून डिझेल आणि स्टिअरिंग ऑइल ओतून ठेवून दिलं. मग एका रविवारी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढायला घेतलं. ती म्हणाली, भंगारात द्यायचंय तर काढायचं कशाला? मी म्हटलं, बघू तरी आत काय आहे. हेड उलटं करून टेबलावर ठेवलं आणि ती मोजायला लागली. सिलिंडर चार, म्हणजे आत घेणारा एक आणि बाहेर सोडणारा एक असे व्हॉल्व आठ पाहिजेत, तर व्हॉल्व चारच. "पप्पा, बाकीचे चार कुठं गेले?"

ते खाली ब्लॉकमध्ये होते. विलीज, म्हणजे ही जीप मुळात काढणारी अमेरिकन कंपनी, तिच्या आधीच्या इंजिनात सगळेच व्हॉल्व ब्लॉकमध्ये असायचे. सीजे-3बी 1953 मध्ये आली, तिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे, वर हेडमध्ये गेले, धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट जागच्या जागी राहिले. त्यामुळं इंजिनाची उंची वाढली, आणि या जीपचं बॉनेट असं उंच दिसतं ते त्याचमुळं. पुस्तकात याला एफ-हेड म्हणतात. लेकीच्या पुस्तकात त्याची एक एवढीशी आकृती होती आणि ती परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिलेली. आता ती बॅटरी घेऊन ब्लॉकमध्ये डोकं खुपसून बसली. चहा आला, गार झाला. स्कॉर्पिओच्या इंजिनाचं नाव त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकलं नाही.

तेव्हा खरं उत्तर हे आहे. मी काही तत्त्वाबित्त्वाला धरून बसलो नव्हतो, तिलाच ते इंजिन आवडलं.

आणि ते जगवणं बेळगावात अवघड नाही. दुसऱ्या गावात पार्ट मिळत नाही म्हटलं की माणूस हात टेकतो. इथं उद्यमबागेत एका गल्लीत फाउंड्री, पलीकडं क्रँकशाफ्टचं ग्राइंडिंग, त्याच्याशेजारी हायड्रॉलिकवाले. मी तर म्हणतो, त्या कॅलिफोर्नियाच्या पोरांनी तरी वेगळं काय केलं? त्यांच्या गल्लीत जे होतं त्यातून गाडी उभी केली. त्यांच्याकडं फोर्डचं भंगार होतं, आमच्याकडं ओतारी आणि टर्नर आहेत.

तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन शेवटपर्यंत अडून बसला. कनेक्टिंग रॉडची कॅप सोडून, खालून सागवानी ठोकळा लावून लेकीनं हातोडा मारला. मारताना ती काय पुटपुटत होती ते इथं लिहीत नाही. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, पाण्यानं खड्डे पडलेले, म्हणून आत स्लीव्हची नवी नळी मारून पुन्हा 79.4 मिलिमीटरवर आणली. एक्झॉस्ट व्हॉल्व तिनं हातानं घासून बसवले. काठीच्या टोकाला रबरी वाटी, सीटवर (व्हॉल्व टेकतो त्या कडेवर) ग्राइंडिंग पेस्ट, आणि दोन्ही तळव्यांत काठी धरून रवीसारखी फिरवायची. आधी तो खरखर आवाज येतो, पेस्ट बारीक झाली की आवाज मऊ होत जातो. मग पुसून बघायचं, सीटवर करडी रेघ सगळीकडून सारखी आली का. एका बाजूला जरी तुटली तरी पुन्हा पहिल्यापासून. टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला ढकलणारा भाग यांमधली फट, इनटेकला 18 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), एक्झॉस्टला 16. ती आता झोपेतसुद्धा सांगेल.

सगळ्यात मजा आली एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळीला. जुन्याला चीर होती. निकेल रॉडनं वेल्डिंग करून बघितलं, पण गरम झाला की चीर पुढं सरकायची. शेवटी नवाच ओतायचं ठरलं. लेकीनं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग केलं, ते घेऊन आम्ही अनगोळच्या एका पॅटर्न मेकरकडं, म्हणजे साच्यासाठी नमुना करणाऱ्याकडं, गेलो. कन्नड माणूस, मराठी आपल्यासारखंच बोलतो. ड्रॉइंग उजेडाकडं धरून म्हणाला, "आगतद्री, होईल की. पण ताई, आखडणं धरलंय का?"

नव्हतं धरलं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात थंड होताना शेकडा एक आखडतं. हातभर लांबीच्या कास्टिंगला चार-पाच मिलिमीटरचा फरक, म्हणजे एका टोकाचं तोंड ब्लॉकवर बसलं की दुसऱ्या टोकाचं बाजूला. त्यानं आपली पट्टी काढून दिली. लेकीनं ती स्वतःच्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवली आणि हळूच मला म्हणाली, यांची पट्टी चुकलीय. चुकली नव्हती. पॅटर्न करणाऱ्यांची पट्टी मुळातच लांब असते, मीटरला दहा मिलिमीटर वर, म्हणजे आखडणं मापातच धरलेलं. डिग्रीच्या वर्गात हे शिकवत असतील, नाही असं नाही. पण त्या दिवशी घरी येताना तिनं तशी पट्टी कुठं मिळते ते चारदा विचारलं.

एक तक्रार आहे ती पेट्रोलची. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल, आणि आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने थोडे नाहीत, त्यामुळं तक्रार तरी कुणाकडं करणार? आमच्याच उसाचा अल्कोहोल आमच्याच फ्युएल पंपाचा जुना रबरी डायफ्राम खातो. डायफ्राम आणि नळ्या, दोन्ही इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्यात. ज्यांच्याकडं जुनी कार्ब्युरेटरची गाडी आहे त्यांनी हे आधी करावं, रंगाचं नंतर बघावं.

चालते कशी, हेही विचारता तुम्ही. तीन गिअर, पहिल्याला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी सोय, नाही, त्यामुळं गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो घालायचा नाही. साठाच्या पुढं तिला न्यावी असं मला वाटत नाही. पण स्ट्रोक (पिस्टनची धाव) लांब असल्यानं ओढ खालूनच, म्हणजे इंजिन हळू फिरतानाच आहे, चोर्ला घाटाचा चढ कुरकुर न करता चढते.

आणि हॉट रॉड? ती हौस काही गेलेली नाही. लेक आता कॉलेजच्या बाहा संघात आहे, ही विद्यार्थ्यांनी गाडी बनवून पळवायची स्पर्धा. पोरं स्वतः पाइप वाकवून एका माणसाची गाडी बनवतात आणि मातीत पळवतात. रस्त्यावर यायचंच नाही, म्हणजे आरटीओ नाही, कलम 52 नाही, पाहिजे ते कापा. नियमांचं पुस्तक हातात पडलं त्या संध्याकाळी ती वर्कशॉपमध्ये आली, तोंड एवढंसं करून. इंजिन सगळ्या संघांना एकच ठरवून दिलेलं, आणि त्यात फेरफार करायला सक्त मनाई.