भुवईवरचा कापूस

वयाच्या ५४ व्या वर्षी मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि या सत्रात आम्हाला फोटोशॉप शिकवले जात आहे. त्याआधी २६ वर्षे मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढण्याचे काम केले. जॅकार्डची, म्हणजे छिद्रांच्या कार्डांवर चालणाऱ्या मागाची, नक्षी ग्राफ कागदावर चौकोन रंगवून काढतात. रंगवलेल्या चौकोनाच्या जागी पुठ्ठ्याच्या कार्डाला छिद्र पडते आणि त्या छिद्राच्या हिशोबाने ताण्याचे धागे वर उचलले जातात. म्हणून संगणकावर फोटो मोठा करत नेल्यावर शेवटी नुसते चौकोन उरले, तेव्हा परक्या गावात ओळखीचे माणूस भेटावे तसा मला धीर आला.

खरी अडचण शब्दांची होती. सगळ्या आज्ञा इंग्रजीत असल्यामुळे मी वहीत माझे शब्द लिहून ठेवले: लेअर म्हणजे थर, मास्क म्हणजे झाकण, ओपॅसिटी म्हणजे दाटपणा. शेजारी बसणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षाही लहान आहे, पण तिने पहिल्याच आठवड्यात मला बजावले होते, "काका, मूळ फोटोवर कधी हात लावायचा नाही, आधी थर घ्या की!" मी ते वहीत लिहून घेतले आणि घरी जाऊन नेमके उलटे केले.

घरी वडिलांचा एकच जुना फोटो आहे, १९७४ सालचा, साखर पेठेतल्या मागाजवळ उभे असतानाचा. अडीच बाय साडेतीन इंचांचा तो कृष्णधवल कागद पिवळा पडला होता, एका कोपऱ्यात चहाचा डाग होता आणि खांद्यावरून एक घडी गेली होती. तो १२०० च्या रिझोल्यूशनला, म्हणजे इंचाला १२०० चौकोन धरून, स्कॅन केला, म्हणजे ३००० गुणिले ४२०० चौकोन हाती आले. छपाईला इंचाला ३०० धरले तरी १० बाय १४ इंचांचे चित्र निघावे इतके ते पुरेसे होते. मग धूळ आणि ओरखडे घालवणारा फिल्टर थेट मूळ चित्रावर चालवला, उरलेले ठिपके हीलिंग ब्रशने पुसले आणि त्याच नावाने जेपेग करून फाइल बंद केली. नवी पेठेतून प्रिंट काढून आणली आणि आईच्या हातात दिली.

आईने बराच वेळ ती प्रिंट उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाली, "हे तर कामाला निघालेले दिसतात. तो फोटो पाळी सुटल्यावरचा आहे ना?"

मी मूळ कागद भिंगाखाली धरला, तेव्हा मला कळले. वडिलांच्या भुवयांवर, कानाजवळच्या केसांवर आणि सदऱ्याच्या खांद्यावर कापसाचे बारीक पांढरे तंतू बसलेले होते. माग चालू असलेल्या खोलीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगावर ते बसतातच. मी स्वतः लहानपणी ते झटकून देत असे. आजूबाजूच्या चौकोनांपेक्षा वेगळा दिसणारा बारीक ठिपका म्हणजे धूळ, एवढेच त्या फिल्टरला ठाऊक असते, त्यामुळे कागदावरच्या धुळीबरोबर वडिलांची दिवसभराची मेहनतही त्याने पुसून टाकली होती. दोष अवजाराचा नव्हता. कुठे पुसायचे आणि कुठे नाही हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आले, पण त्यात थर आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. आता हाताशी थर असताना त्यांच्याशिवाय काम करण्याचे मला काहीच कारण नव्हते.

मी फोटो पुन्हा स्कॅन केला. या वेळी आधी रंगांचे चॅनेल, म्हणजे चित्रातले लाल, हिरवा आणि निळा हे भाग, वेगवेगळे करून पाहिले. पिवळट डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद काळा दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ दिसेनासा होतो, म्हणून कृष्णधवल चित्र मी लाल चॅनेलमधूनच घेतले. चहाच्या डागावर ब्रश जवळपास फिरवावाच लागला नाही. लेव्हल्समध्ये, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणत्या छटेचे किती चौकोन आहेत हे डोंगरासारख्या आलेखात दाखवणाऱ्या चौकटीत, पाहिले तर सगळा डोंगर मधोमध जमला होता आणि दोन्ही टोके रिकामी होती, म्हणजे फोटोत खरा काळा आणि खरा पांढरा रंग उरलाच नव्हता. दोन्ही टोकांचे बाण डोंगराच्या पायथ्याशी आणून लावल्यावर वडिलांच्या डोक्यावरची कार्डांची माळ एकेका छिद्रासकट उठून दिसू लागली.

त्यानंतर चित्राची दुसरी प्रत वरच्या थरावर घेऊन फक्त तिच्यावर फिल्टर चालवला आणि तिला झाकण जोडले. झाकणावर जिथे काळा रंग भरावा तिथे वरचा थर लपतो आणि खालचा मूळ फोटो दिसतो. अगदी लहान ब्रश घेऊन मी भुवयांवरून काळा रंग फिरवत गेलो आणि एकेक तंतू जागेवर परत येत गेला. कागदावरची धूळ कोणती आणि कापूस कोणता हे ठरवायला दोन संध्याकाळी लागल्या. धुळीची कड टोकदार असते, तर कापसाचा तंतू फोटोतल्या उजेडाप्रमाणे एका बाजूला थोडा सावळा दिसतो.

खांद्यावरची घडी बुजवायची अजून बाकी आहे, कारण तिच्याखाली सदऱ्याची शिवण आहे आणि ती कशी वळते हे आईला विचारून घ्यायचे आहे; सदरा तिनेच शिवला होता.