दाजींना घेऊन दाजीपूरला

आमचे दाजी नागपूरचे. ताडोबा, पेंच त्यांनी इतक्या वेळा पालथं घातलंय की वाघाबद्दल ते शेजारच्या गल्लीतल्या माणसासारखं बोलतात. भाचा अकरा वर्षांचा, तोही बापाच्याच वळणावर. फेब्रुवारीत दोघं महाराष्ट्र एक्सप्रेसनं कोल्हापूरला आले. ताईनं आधीच फोनवर बजावलं होतं, "अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा आणि जंगल, एवढं कर. आणि ह्यांना कंटाळा येऊ देऊ नकोस." पहिल्या दोन्हींची जबाबदारी कोल्हापूरच घेतं. घोर होता तो तिसऱ्याचा.

विदर्भातलं जंगल सागाचं, बांबूचं. उन्हाळा लागला की पानं गळतात, लांबपर्यंत नजर जाते, पाणवठ्यावर जनावर आयतं समोर येतं. आपलं दाजीपूर सदाहरित आणि निमसदाहरित. भर फेब्रुवारीत रस्त्याकडेला दहा फुटांपलीकडं हिरवी भिंत. तिथं ताडोबाच्या हिशेबानं गेलेला माणूस "काहीच नव्हतं" म्हणत परततो, हे मी पाहुण्यांच्या बाबतीत तीनदा भोगलंय. म्हणून या खेपेला जंगल शेवटी ठेवलं आणि आधीच्या दोन सकाळी दोघांना शहरातच फिरवलं. डोळे आणि कान तयार करायला. तुमच्याकडे पाहुणे येणार असतील तर हा क्रम तसाच उचला.

पहिली सकाळ शिवाजी विद्यापीठ. १९६२ साली विद्यापीठ सुरू झालं तेव्हा इथं उजाड माळ होता. आज ८५३ एकरांचा हा परिसर शहराचा सगळ्यात मोठा हिरवा तुकडा आहे. सहाच्या सुमाराला पोचा, कारण साडेसातनंतर फिरायला येणाऱ्यांच्या गप्पा पाखरांपेक्षा मोठ्या होतात. भाच्याला मी एकच नियम घातला: दहा मिनिटं मोबाईल खिशात, बोट दाखवायचं नाही, फक्त आवाज मोजायचे. पहिल्यांदा त्यानं चार मोजले. दुसऱ्यांदा सात. मोराची आरोळी त्याला लगेच कळली; तांबटाची टुक-टुक-टुक मात्र त्याला कुठंतरी पंप चालू आहे असं वाटलं. पंप नसून मुठीएवढं हिरवं पाखरू आहे हे दाखवायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं पुढं जंगलात कामी आली.

फुललेली एक काटेसावर सापडली. पान एक नाही, नुसती लाल फुलं, आणि झाडावर भोरड्या पाखरांचा गोंगाट. फूल खाली पडलं की थप्प असा ओला आवाज येतो. भाच्यानं एक उचललं, मध्ये बोट घातलं आणि चाटून बघितलं. दाजी म्हणाले, "हे तर आमच्याकडंबी आहे." मी म्हटलं, असू दे की.

वनस्पतीशास्त्र विभागाची बाग बघायची असेल तर कामाच्या दिवशी आणि आधी विचारून जा. कंदीलपुष्पांच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, दुर्मीळ जाती जपण्याचं मोठं काम तिथं झालंय. फुलं पावसाळ्यात येतात. आम्ही फेब्रुवारीत गेलो, तेव्हा बघायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रंकाळा. संध्याकाळचा रंकाळा भेळेचा, मुलांचा आणि पार्किंगवरून होणाऱ्या भांडणांचा. पाखरं बघायची तर उजाडताना जा आणि चौपाटीची बाजू सोडून शालिनी पॅलेस, पदपथ उद्यानाच्या अंगाला चाला. पाण्यावर काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी थव्यानं तरंगत होते. त्यांचं मराठी नाव वारकरी. दाजींना ते नाव इतकं आवडलं की दिवसभर ते बदकासारख्या दिसणाऱ्या प्रत्येकाला वारकरी म्हणत राहिले. केंदाळाच्या कडेनं बगळे, वर एक ब्राह्मणी घार. दुर्बीण नसली तरी चालतं, पण असली तर आठ बाय चाळीसची पुरते. जास्त मोठी घेतली की हात थरथरतात आणि काहीच दिसत नाही.

तिथून गंगावेशीतला दूध कट्टा. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ धारोष्ण दूध पेल्यात देतात. भाच्याच्या ओठावर पांढरी मिशी आली, तिला जंगलभ्रमंतीत धरा अगर धरू नका. टाऊन हॉलची बाग मात्र चुकवू नका, संग्रहालयासाठी नाही गेलात तरी. इमारत १८७०च्या दशकातली आहे, आणि बागेतल्या जुन्या झाडांखाली भर दुपारी जो गारवा मिळतो तो बाहेर रस्त्यावर आलं की अंगावरून सोलल्यासारखा निघून जातो. संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती. कोल्हापूरच्या टेकडीवर ग्रीक देव कसा आला, यावर दाजींनी अर्धा तास वाद घातला.

आता मुख्य गोष्ट.

दाजीपूर हे नाव सगळ्यांच्या तोंडी असलं तरी कागदावर ते राधानगरी वन्यजीव अभयारण्य. १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालं, राज्यातल्या सगळ्यात जुन्या अभयारण्यांपैकी एक. १९८५ साली वाढवून ३५१ चौरस किलोमीटर केलं. त्याआधी ही कोल्हापूरच्या छत्रपतींची शिकारीची जागा होती. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या त्यात कास, कोयना, चांदोली यांच्याबरोबर राधानगरीही आहे. जुन्या पाट्यांवर 'बायसन' लिहिलेलं दिसेल. बायसन अमेरिका-युरोपातला. आपला तो गवा.

कोल्हापूरहून राधानगरी साधारण ५५ किलोमीटर, तिथून दाजीपूर पंचवीस-तीस. रस्ता फोंडा घाटाचा, हळदी, परिते करत जाणारा. पहाटे चारला निघालो. नोव्हेंबर ते मार्च या रस्त्यावर खरी जनावरं म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस बाहेर लोंबणारा. अंधारात साठच्या वर जाऊ नका. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असते आणि मागं खुणेला दगड मांडलेले असतात. आम्ही असाच एक दगड उडवला. नशीब, टायर वाचला. डिझेल-पेट्रोल कोल्हापुरातच भरा, रोख पैसे जवळ ठेवा. पुढं रेंज जाते आणि रेंजबरोबर मोबाईलवरचे पैसेही जातात. एसटीनं येणार असाल तर राधानगरीपर्यंत गाड्या भरपूर आहेत, पण पहाटेच्या फेरीसाठी आदल्या रात्री मुक्कामालाच यावं लागतं.

मुक्कामावरून एक दुखणं सांगतो. मागच्या वर्षी मी फोनवर आगाऊ पैसे देऊन खोली ठरवली होती. रात्री नऊला पोचलो तर खोलीत दुसरंच कुटुंब जेवत बसलेलं. मालक म्हणाला, "तुमी येताय का न्हाई, म्हटलं." तेव्हापासून आदल्या दिवशी आणि निघताना असे दोन फोन करतो. या खेपेला सरळ पहाटे घरूनच निघालो.

आत स्वतःची छोटी कार नेऊ नका. वाट लाल माती, जांभ्याचे दगड आणि ओढ्यांची आहे; माझ्या गाडीचं पोट एकदा इथं खरवडलंय. गेटजवळच्या गावातून जीप मिळते. माणसाचं, गाडीचं, कॅमेऱ्याचं आणि वाटाड्याचं शुल्क वेगवेगळं असतं. वाटाड्यावर पैसे वाचवू नका. पण जीप ठरवताना चालकाला आधीच सांगा की फेरी लवकर आटपायची नाही. आमच्या चालकाला दुसरं गिऱ्हाईक होतं, त्यामुळं पहिला तास तो अशी गाडी हाकत होता की जंगलातली सगळी जनावरं अर्धा किलोमीटर पुढं पळत असणार. शेवटी वाटाडे मामाच बोलले, "आरं, बाजाराला चाललाईस व्हय? बंद कर ती गाडी."

इंजिन बंद झालं आणि एकदम सगळं ऐकू यायला लागलं. डोक्यावर किट-किट-किट. भाच्यानं आवाज मोजायची सवय कामाला लावली आणि मान वर करून म्हणाला, "मामा, हा पंप नाही." शेकरू होतं. आपला राज्यप्राणी. तांबूस पाठ, पोट पिवळसर, आणि शेपूट फांदीखाली दोरीसारखी सोडलेली. आधी आवाज, मग पानांची हालचाल, मग शेपूट, मग जनावर, या क्रमानं ते दिसलं. वाटाड्यानं फांद्यांच्या बेचक्यात पाना-काटक्यांचा गोळा दाखवला. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं. ते जमिनीवर क्वचितच उतरतं, म्हणून झाडांच्या माथ्यांची सलगता तुटली की त्याचा रस्ताच तुटतो.

सावराई सड्यावर पोचलो तेव्हा धुकं होतं. सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. माती वीतभर, म्हणून झाड नाही, नुसतं गवत. सड्याच्या कडेला मात्र एकदम दाट रान. गवे पहाटे गवताला येतात आणि ऊन चढलं की कडेच्या रानात शिरतात. वाटेत शेणाची ताजी पो दिसली, म्हशीसारखीच, वरून वाफ निघत होती. वाटाडे मामांनी बोटानं थांबा म्हणून खूण केली. समोर काही नव्हतं. मग झाडांच्या सावलीत, जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत, पांढऱ्या खांबांच्या चार जोड्या उभ्या असल्यासारखं दिसलं. वरचं अंग काळोखात विरघळलेलं. आधी पाय दिसले, गवा नंतर. त्यातल्या एका मोठ्या नरानं नाकातून फुस्स केलं, तो आवाज छातीत ऐकू आला. असा नर हजार किलोपर्यंत भरतो. चार-पाच मिनिटं तो बघत राहिला, आम्ही बघत राहिलो, आणि मग रान हललं न हललं तोच सगळे गेले. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर हळूच म्हणाले, "एवढं धूड गेलं कुठं?"

गव्याच्या बाबतीत एक सांगून ठेवतो. तो शाकाहारी आहे म्हणून गरीब नाही. फोटोसाठी खाली उतरून पुढं जाणाऱ्यांचे किस्से वाटाडे सांगतात. २०२१च्या डिसेंबरात गवे पार पंचगंगेच्या काठापर्यंत आले होते, तेव्हा बघ्यांच्या गर्दीनं काय होतं हे कोल्हापूरनं पाहिलंय.

उतरायची परवानगी होती तिथं एक गारंबीची वेल बघितली. मनगटाएवढी जाड, पिळाची, आणि तिला लोंबणारी शेंग भाच्याच्या कमरेएवढी लांब. खाली पडलेलं एक बी त्यानं उचललं, चपटं, चॉकलेटी, पॉलिश केल्यासारखं. खिशात टाकणार तोच वाटाडे मामा म्हणाले, "ठिव तिथंच, बाळा. उगवंल ते." त्यानं ठेवलं, पण परत येताना दोनदा मागं वळून बघितलं.

कपडे मातकट रंगाचे, अंगात जर्किन. सड्यावरचा वारा कोल्हापूरच्या थंडीची चेष्टा करतो. आत खायला काही मिळत नाही; डबा न्या आणि रिकामा डबा परत आणा. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. उघडल्यावर लगेच गेलात तर मोजे पँटवर ओढा आणि पुडीत मीठ ठेवा, जळवा असतात. उघडायची तारीख आणि शुल्क निघण्याआधी वनखात्याकडूनच विचारून घ्या, मित्राच्या मित्राकडून नको.

परतीत फेजिवड्याजवळ राधानगरी धरणाशी थांबलो. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे काम. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात एकेक उघडतात आणि अख्खं कोल्हापूर क्रिकेटच्या विकेटी मोजावी तसं मोजतं: तिसरा उघडला, पाचवा उघडला, आता पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर. जंगल बघून धरण बघितलं की रंकाळ्यावरच्या माणसाचं आणि सड्यावरच्या गवताचं नातं कळतं. सड्यावर पडलेला पाऊसच भोगावतीतून पंचगंगेला जातो.

दाजींचा हट्ट होता 'नॅशनल पार्क'च बघायचं. ते आपल्याकडं चांदोली, २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आणि २०१० पासून कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. मणदूर-जाधववाडीच्या बाजूनं आत जातात. अभयारण्यात गावं आणि त्यांचे काही हक्क राहू शकतात, राष्ट्रीय उद्यानात नाही. म्हणून चांदोलीत उठलेल्या गावांची जोती आणि परसातली आंब्याची झाडं रानात उभी दिसतात. मी पूर्वी गेलोय. एका दिवसात दाजीपूर आणि चांदोली दोन्ही करायचा विचार मात्र सोडा.

स्टेशनवर भाचा म्हणाला, काजवे कधी असतात? मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या तोंडाला, राधानगरीच्या परिसरात झाडंच्या झाडं लुकलुकतात. दाजींनी तिथंच मोबाईल काढून मेअखेरची गाडी शोधायला घेतली. मी फक्त म्हटलं, या खेपेला टॉर्च आणू नका.