क्लायोनी: शिकार एकच, उपास वर्षभराचा

पारदर्शक अंग, आत नारिंगी अवयव आणि दोन पंखांची संथ वल्हवणी. क्लायोनी या समुद्री गोगलगायीचे व्हिडिओ बहुतेक इथेच थांबतात, 'सी एंजल' हे नावही त्यावरूनच पडलं. तिला खरं ओळखायचं तर ती खाताना पाहायला हवी.

क्लायोनी लिमासिना ही आर्क्टिक आणि उत्तर अटलांटिकमधली, पोहणारी गोगलगाय. पिल्लाला शंख असतो, पण अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत तो गळतो. पंख म्हणजे गोगलगायीच्या पायाचाच बदललेला भाग. अंग पाण्यापेक्षा जड, त्यामुळे पंख थांबले की ती खाली जाऊ लागते.

तिचं भक्ष्य म्हणजे लिमासिना याच नावाची पण वेगळी, शंख असलेली चिमुकली पोहणारी गोगलगाय. स्पर्श होताच क्लायोनीचं डोकं उघडतं आणि द्रवाच्या दाबाने ताठ झालेले, शंकूच्या आकाराचे सहा अवयव (शंकू) क्षणात बाहेर येतात. शंकूंनी शंख धरायचा आणि त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर येईपर्यंत फिरवत राहायचं. मग तोंडातले हुकासारखे आकडे शंखाच्या आत घालून अख्खा जीव ओढून गिळायचा. रिकामा शंख सोडून दिला जातो. लिमासिना खोल आकसून बसली असेल तर हे काम दोन मिनिटांऐवजी पाऊण तासही चालतं.

लिमासिना बारा महिने सारखी मिळत नाही. म्हणून क्लायोनी अंगात चरबी साठवते, आणि तीही पुरेनाशी झाली की स्वतःचं शरीरच वापरते. प्रयोगशाळेत ती अन्नाशिवाय जवळजवळ वर्षभर जगली आहे, मात्र लांबी जवळपास निम्म्यावर आली. लिमासिनाचा शंख अ‍ॅरागोनाइट या चुन्याच्या खनिजाचा, समुद्राचं पाणी आम्लतेकडे झुकलं की विरघळू लागणारा. एवढा उपास सोसणाऱ्या क्लायोनीलाही भक्ष्यच कमी झालं तर वाट नाही, याची आम्हाला मनापासून काळजी वाटते.

जिवंत पाहायची असेल तर जपानच्या होक्काइडोतल्या अबाशिरीचं ओखोत्स्क र्‍युह्यो म्युझियम गाठा. तिथली जात वेगळी, पण जवळची.

अभ्यासासाठी नमुना ठेवणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. क्लायोनी थेट अल्कोहोलमध्ये टाकली की आकसून गोळा होते, शंकू आत दबतात आणि जात ओळखणं अवघड होतं. म्हणून तिला आधी भूल द्यावी: लिटरभर गोड्या पाण्यात ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड (स्फटिकरूप) विरघळवा, त्यात तेवढंच थंड समुद्राचं पाणी मिसळा आणि तिला त्यात ठेवा. स्पर्शाला प्रतिसाद थांबला की मगच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये हलवा.