झाडाले का म्हंतेत?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी फाटकाजवळच्या मोहाच्या झाडावर लिहायचं ठरवलं होतं. शाळेची इमारत दोनदा बदलली, मोह तोच आहे असं कळलं, म्हणून. पण लिहायला बसलो आणि मोहाच्या आधी ‘झाड’ हा शब्दच आडवा आला. तो बाजूला सारल्याशिवाय पुढे जाता येईना.

मी आठवीत होतो. त्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ ला, गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघाला. आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की वहीवर जिल्ह्याचं नाव खोडून नवीन लिहायचं. आमच्या वर्गावर तेव्हा पत्रे होते. पाऊस सुरू झाला की सरांचे ओठ हलताना दिसत, आवाज येत नसे. संस्कृतच्या सरांनी त्यावर तोड काढली होती: पाऊस आला की बोलायचं नाही, फळ्यावर लिहायचं. एका अशाच दुपारी त्यांनी अमरकोशातला, म्हणजे संस्कृत समानार्थी शब्दांच्या जुन्या कोशातला, श्लोक लिहिला.

वृक्षो महीरुहः शाखी विटपी पादपस्तरुः ।
अनोकहः कुटः शालः पलाशी द्रुद्रुमागमाः ॥

मोजा, म्हणाले. तेरा नावं निघाली. पाऊस ओसरल्यावर सर एकेक नाव सोडवू लागले. पादप म्हणजे पायांनी पिणारा. अगम म्हणजे जो कुठे जात नाही तो. अनोकह ऐकून आम्ही तोंडं वाकडी केली, पण सरांनी फोड सांगितली तेव्हा तोच शब्द सगळ्यांना आवडला. अनस् म्हणजे गाडी, तिची चाल मोडणारा तो अनोकह. वादळात रस्त्यावर येनाचं झाड आडवं पडलं की बंडी तिथेच सोडून बैल घेऊन घरी यायचं, हे वर्गातल्या निम्म्या पोरांनी केलेलं होतं. कोशकाराने आमचाच रस्ता पाहिला असावा असं वाटलं.

मग ‘वृक्ष’. यास्काचार्यांनी निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांची फोड करणाऱ्या ग्रंथात, दोन वाटा दिल्या आहेत. एक, व्रश्च् म्हणजे तोडणे, म्हणून जो तोडला जातो तो वृक्ष. दुसरी, क्षा म्हणजे जमीन, ती झाकून जो उभा राहतो तो वृक्ष. आजचे भाषाशास्त्रज्ञ अशा व्युत्पत्त्या जशाच्या तशा घेत नाहीत. सरांनी मात्र आम्हालाच विचारलं, तुम्हाला कोणती पटते? मुलींनी दुसरी निवडली. आम्ही पोरं पहिलीवर अडून बसलो, कारण आमच्यातल्या बहुतेकांचे बाप जंगलखात्याच्या कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलात, कुऱ्हाड घेऊन जात. सरांनी आणखी एक गंमत सांगितली, ती अजून डोक्यात आहे. यास्कांपुढे वेदातली जी ऋचा होती तिच्यात ‘वृक्ष’ म्हणजे झाड नव्हेच, धनुष्य. गाय म्हणजे त्याची दोरी आणि पक्षी म्हणजे बाण. लाकडाचं धनुष्य, म्हणून झाड. आतड्या-कातड्याची दोरी, म्हणून गाय.

‘द्रु’वर आल्यावर वर्ग हातातून गेला. सरांनी शेजारी लिहिलं, दारु = लाकूड. आमच्या भागात, मोहाच्या मुलखात बसून, हे! जिल्ह्यात दारूबंदी व्हायला अजून अकरा वर्षं होती. सर शांतपणे म्हणाले, ती दारू फारशीतली, मूळ अर्थ औषध. ही दारु संस्कृतातली, देवदारात आहे, दारूहळदीत आहे. पंगतीत वरण वाढतात तो द्रोणसुद्धा याच द्रुचा, मुळात लाकडाचं भांडं. इंग्रजीतलं ट्री, रशियनमधलं देरेवो, ग्रीकमधला ओकवृक्ष द्रुस, ही सगळी याचीच भावंडं. इंग्रजी आपल्याला छळण्यासाठीच काढली आहे असं मला तोवर वाटत होतं. ती लांबची का होईना नात्यातली आहे, हे त्या दिवशी कळलं. गुणांमध्ये मात्र काही फरक पडला नाही.

खरी गोष्ट इथून पुढची.

सर म्हणाले, “आता तुम्ही सांगा. तुमच्या घरी झाडाला काय म्हणतात?”

आमचा वर्ग म्हणजे चार दिशांची पोरं. चामोर्शीकडच्या बंगाली वसाहतीतली मुलगी म्हणाली, गाछ. कोरचीकडून वसतिगृहात आलेला छत्तीसगढी मुलगा म्हणाला, रूख. सिरोंच्याचा एक होता, तो म्हणाला, चेट्टु. सर प्रत्येक शब्द फळ्यावर लिहीत गेले. गाछ हा संस्कृत गच्छ, रूख हा प्राकृतातला रुक्ख, पालीतही तोच, गोव्याकडे कोकणीत अजून रूखच म्हणतात. चेट्टु तेलुगू, म्हणजे द्राविडी. मग माझ्या बाकावरचा माझा मित्र उभा राहिला. घरी गोंडी बोलणारा. म्हणाला, “मडा.”

वर्ग फुटला. मडं म्हणजे आमच्याकडे प्रेत. कोणी तरी मागून “रामनाम” म्हणालं, त्यावर आणखी हसू. सरांनी डस्टर आपटलं. सगळे गप्प झाल्यावर त्यांनी तोही शब्द लिहिला, पण पुढे प्रश्नचिन्ह घातलं, आणि तेवढ्यात घंटा झाली.

मीही हसलो होतो. बहुतेक सगळ्यांत मोठ्याने, कारण मी त्याच्या शेजारी होतो आणि मी त्याच्यातला नाही हे दाखवायची घाई असावी. लाज वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. तो शब्द मला आधीच ठाऊक होता. मार्चमध्ये परीक्षेच्या दिवसांत आम्ही दोघं पहाटे त्या मोहाखाली जायचो. फुलं वेचण्याआधी खालचा पाला जाळून जमीन काळी-स्वच्छ करायची, म्हणजे पिवळट पांढरी फुलं नीट दिसतात, हे त्याने शिकवलं. फांदी हलवायची नाही, पडतील ती घ्यायची, हेही. फुलाच्या आतले केसर फुंकून टाकायचे आणि तोंडात टाकायचं. पहिलं गोड लागतं, दहाव्याला डोकं जड होतं. वेचता वेचता तो नावं सांगायचा. इरुक मडा म्हणजे हा मोह. मर्का मडा म्हणजे आंबा. आकी म्हणजे पान, पुंगार म्हणजे फूल, काया म्हणजे कच्चं फळ. झाडाखाली मला त्यातला एकही शब्द हसण्यासारखा वाटला नव्हता.

त्यानंतर त्याने वर्गात हात वर केल्याचं मला आठवत नाही.

‘झाड’ या आपल्या शब्दाचं म्हणाल तर तोही मुळात झाड नव्हेच. नोकरीच्या पहिल्या वर्षी जबलपूरला होतो. “गाडी झाड के नीचे लगाई है” म्हटलं तर सहकारी झुडपात गाडी शोधत राहिला. हिंदीत झाड म्हणजे झुडूप, झाडाला पेड. जुना अर्थ त्यांनीच सांभाळलाय. संस्कृत झाट, प्राकृत झाड म्हणजे दाट झुडुपांची जाळी. मराठीत आणि गुजरातीत ते उंच होऊन झाड झालं. आपल्याकडे मात्र जुना अर्थ गेलेला नाही, तो मुलखाच्या नावात बसलाय. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ही झाडीपट्टी. पुण्यामुंबईच्या लोकांना वाटतं की इथे झाडं पुष्कळ म्हणून हे नाव. खरं तर झाडी म्हणजे जंगलच.

पुढे बँकेने मला चेन्नईला टाकलं. १२ डिसेंबर २०१६ ला वरदा चक्रीवादळ आलं. आमच्या गल्लीत पाच झाडं आडवी झाली. त्यातलं एक माझ्या स्कूटरवर. गल्लीतली पोरं करवत घेऊन धावत होती आणि जो तो ओरडत होता, मरम्, मरम्! वीज गेलेली, हातात मेणबत्ती, आणि मी जिन्यात उभा. मरम्. गोंडीतही काही गावांत मडा न म्हणता मरा म्हणतात, हे मित्रानेच कधी तरी सांगितलं होतं. अंगावर काटा आला, स्कूटर विसरलो.

रात्री घरमालकीण आजींना विचारत बसलो. त्यांचं तोडकंमोडकं हिंदी, माझी त्याहून तोडकी तमिळ. फूल? पू. कच्चं फळ? काय्. पान मात्र इलै निघालं, थोडा हिरमुसलो. आकीचा जुळा तेलुगूत आहे, आकु, हे नंतर कळलं. कन्नडात मर, मलयाळममध्ये मरम्. सर चेट्टुला द्राविडी म्हणाले होते आणि त्याच्याच खाली लिहिलेल्या मडापुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं. त्यात सरांचा दोष नाही. गोंडी ही तमिळ-तेलुगूच्या घराण्यातली भाषा आहे हे त्या वर्गात सांगणारं कोणी नव्हतं.

मग मी मोहाबद्दल विचारलं. फूल कसं असतं ते हातवारे करून दाखवलं. आजी म्हणाल्या, इलुप्पै. तेलुगूत इप्प. आणि आमच्याकडे इरुक. एका म्हणीसाठी त्यांनी दोन मेणबत्त्या संपवल्या: ज्या गावात साखरेचा कारखाना नाही, तिथे इलुप्पैचं फूलच साखर.

हे सगळं माझ्या त्या बाकावरच्या मित्राला सांगायला मला इतकी वर्षं लागली. स्मरणिका समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात त्याचा नंबर मिळाला. तो गावातच असतो, धानाची शेती करतो, नातवंडं झाली आहेत. आधी त्या दिवशीच्या हसण्याबद्दल बोललो. तो म्हणाला, आठवत नाही. आठवत असावं. मग मी मरम् सांगितलं, पू सांगितलं, काय् सांगितलं. तो प्रत्येकाला नुसतं “हं” करत होता. शेवटी मोहाची म्हण सांगितली तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने हसला.

“साखर म्हंतेत?” म्हणाला. “अन् दारू नाही काढत का मंग थे लोकं?”